छोट्या दांडीला अडकवलेली पर्स

थांबा, आधी इंजिन बंद होऊ द्या. ते चालू असलं की मी काय बोलतेय ते माझं मलाच ऐकू येत नाही.

हं, आता ऐका. मी एक जीप बोलतेय. जुनी, हिरवी, उंच चाकांची. हिरवी म्हणजे मूळची हिरवी. आता माझी दारं वेगळ्या हिरव्या रंगाची आहेत, बॉनेट तिसऱ्याच हिरव्या रंगाचं आहे आणि एका दारावर गुलाबी अक्षरांत नुसतं ‘केक’ लिहिलेलं आहे. रंगाऱ्याला पुढे अजून बरंच लिहायचं होतं, पण अक्षरं एवढी मोठी काढली की दारच संपलं.

कारखान्यात मला जोडत होते, तेव्हा एक कामगार माझ्या पोटाखाली उताणा पडून नट आवळत होता. तो शेजारच्याला म्हणाला, “ही ना, भिंतीवरसुद्धा चढेल!” लहान वयात कुणी कौतुकानं काही बोललं की ते मनात घट्ट बसतं. मी ते अजून विसरलेले नाही.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझ्यात दोन दांड्या आहेत. मोठी दांडी गिअरची, ती सगळ्यांना माहीत असते. तिच्या शेजारी एक छोटी दांडी आहे. गाडी थांबवून ती ओढली की माझी चारही चाकं एकदम जोर लावतात. मग मी मुंगीच्या चालीनं चालते, पण चिखल असो, दगड असोत, चढ असो, थांबत नाही आणि उसळतही नाही. माझा सगळा जीव त्या छोट्या दांडीत आहे म्हणा ना.

तरुणपणी मी धरणाच्या मोजणीवर होते. डोंगरात रस्ता असा नव्हताच. मी जाईन तो रस्ता. आमचे ड्रायव्हरकाका अवघड चढाआधी उतरायचे, कमरेवर हात ठेवून चढाकडे बघायचे, मग वर बसून छोटी दांडी ओढायचे आणि मला म्हणायचे, “चल गं म्हातारे.” मी तेव्हा कोरी करकरीत होते, तरी म्हातारे! पण म्हणायचे इतक्या मायेनं की मी लगेच निघायची.

धरण झालं, डांबरी रस्ता झाला, साहेबांना गुळगुळीत गाड्या आल्या. मला ऑफिसच्या मागे उभं केलं. माझ्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालायला लागली. खोटं कशाला बोलू, ती आली की बरं वाटायचं. कुणीतरी बसायचं तरी.

मग एक दिवस ऑफिसातल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि तिथे माझी मालकीण आली. ती केक करते. ती खरं म्हणजे कॅन्टीनची मोठी भट्टी घ्यायला आली होती. भट्टी तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं नेली. ती रुसून बाहेर आली, कोंबडीला उठवून माझ्या सीटवर बसली, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि हसायलाच लागली. संध्याकाळी मी तिच्या दारात उभी होते.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. अतिशय शांत, नीटनेटका माणूस. डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून तो बाहेर आला आणि त्यानं मला एकदा भिंगाच्या डोळ्यानं, एकदा साध्या डोळ्यानं बघितलं.

“अगं, तू भट्टी आणायला गेली होतीस ना?”

“अहो, भट्टी दुसऱ्यानं घेतली.”

“म्हणून ही?”

“हिच्यातही चांगलंच गरम होतं,” ती म्हणाली. “बसून बघा.”

गॅरेजच्या उस्तादांनी मला धडधाकट केलं. शेवटी ते म्हणाले, “ताई, ही छोटी दांडी आखडून बसलीय. सोडवून देऊ?”

“शहरात तिचं काय काम?” नवरा म्हणाला. उस्तादांनी खांदे उडवले आणि हात पुसले. झालं! माझा सगळा जीव एका वाक्यात निकालात निघाला.

मी रोजची गाडी झाले. सकाळी मैद्याची पोती, मग दूध, लोणी, अंडी (अंड्यांचं आणि माझं जुनं नातं), दुपारी केक पोचवायचे आणि संध्याकाळी सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं. सगळी गल्ली मला आवाजावरून ओळखू लागली. मी कोपऱ्यावर आले की लोक बोलणं थांबवायचे, मी जाईपर्यंत तोंडं तशीच उघडी ठेवायचे आणि पुढचा शब्द मी गेल्यावर बोलायचे. नवऱ्याचं मात्र माझ्याशी जमेना. माझ्यात बसून दुकानात गेलं की खिशातलं दुरुस्त घड्याळ पुन्हा बिघडायचं.

आणि सासूबाई! माझ्यात चढणं हा त्यांचा एक सोहळाच असायचा. आधी स्वयंपाकघरातलं स्टूल यायचं. मग त्या स्टुलावर उभ्या राहून जगाला विचारायच्या, “माणसानं गाडीत बसायचं की घोड्यावर?” मग एक पाय आत, एक पाय बाहेर, अशा अवस्थेत सुनेच्या माहेरचा एकदा उद्धार. शेवटी आत आल्या की गळ्यातली पर्स काढून छोट्या दांडीला अडकवायच्या आणि म्हणायच्या, “चला, एवढ्या धुडात एक तरी वस्तू कामाची आहे.”

मी आतल्या आत जळायची. डोंगर चढवणारी दांडी, आणि तिची खुंटी केली! पर्सही साधी नव्हती. आत दोन चष्मे, औषधं, लिमलेटच्या गोळ्या, घडीची छत्री आणि एक जाडजूड कुलूप, ज्याची किल्ली कधीच हरवली होती. “असू दे,” सासूबाई म्हणायच्या, “कुणाच्या डोक्यात घालायला होईल.”

असं मजेत चाललं होतं, पण गतिरोधक आला की माझ्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी मला विचारत नाहीत. एका वाढदिवसाला मालकिणीनं केकचं जहाज केलं होतं, शिडांसकट. मी उडाले, जहाज उडालं आणि दोघांपैकी मीच नीट खाली आले. तिनं झाकण उघडलं, बोटानं थोडं क्रीम चाखलं आणि म्हणाली, “चव मात्र झालीय.” मग नाक ओढत बराच वेळ बसून राहिली.

त्या रात्री जेवताना नवरा हळूच म्हणाला, “मी भंगारवाल्याशी बोललोय. आपण एक छोटी, मऊ चालणारी गाडी घेऊ.”

“टेकडीवरच्या बागेतल्या लग्नाचा केक आहे रविवारी,” ती म्हणाली. “चार मजली. छोट्या गाडीत तो मावणारच नाही. हिच्यातूनच न्यावा लागेल. तो नीट पोचला, तर ही राहील.”

“आणि नाही पोचला तर?”

“तर सोमवारी भंगारवाल्याला बोलवा. मी एक शब्द बोलणार नाही.”

मी खिडकीबाहेरच उभी होते. सगळं ऐकलं. माझ्या टायरमधली हवा पार गेली, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. मागच्या डाव्या टायरला सकाळी पंक्चर निघालं.

रविवार उजाडला. चार मजली केक मागे चढला. तो सपाट राहावा म्हणून त्याच्या फळीखाली सासूबाईंचं स्टूल आडवं घातलं. सगळ्यात वर साखरेचा पक्षी. सासूबाई या वेळी सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन पुढे बसल्या आणि पर्स अडकवून, मान उलटी करून केकवर नजर ठेवू लागल्या. मालकीण इतकी हळू चालवत होती की एक कुत्रं आम्हाला हुंगून, विचार करून, पुन्हा हुंगून गेलं.

टेकडीचा चढ सुरू झाला आणि पुढे बघितलं तर काय! पाण्याचा पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलेला. नुसती भुसभुशीत माती आणि दगड. त्यात वऱ्हाडाच्या चकचकीत गाड्या चाकं गरगर फिरवत जागच्या जागी रुतलेल्या. सगळ्यात पुढे फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी, पोट टेकवून बसलेली.

“बाजूनं घे,” सासूबाई म्हणाल्या. “जीप आहे ना ही? एरवी मोठा रुबाब असतो!”

मालकिणीनं बाजूनं घेतलं. अर्धा चढ मी दम धरून गेले. मग एक दगड, एक हिसका, केकचा वरचा मजला कलंडल्यासारखा झाला आणि माझं इंजिन बंद! मी मागे सरकायला लागले. मालकीण दोन्ही पाय क्लच आणि ब्रेकवर रोवून उभी राहिल्यासारखी बसली.

“मी उतरते!” सासूबाई.

“आई, स्टूल केकखाली आहे!”

“असू दे. उडी मारते!” असं म्हणून त्यांनी पर्सला हात घातला. पट्टा दांडीत अडकलेला. त्यांनी एका हातानं ओढला, सुटेना. मग दोन्ही हातांनी धरला, पाय समोर टेकवले आणि डॉक्टरांनी दात उपटावा तसा हिसका दिला.

खट्ट.

अहाहा! किती वर्षांनी ऐकला तो आवाज! माझ्या पोटातली चाकं एकमेकांच्या गळ्यात पडली.

“मोडली वाटतं,” सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या. “माझ्या हातून काहीतरी मोडलं गं.”

मालकिणीनं इंजिन चालू केलं, डोळे मिटले आणि क्लच सोडला. आता मागे जाणार असं तिला वाटलं. मी पुढे निघाले. हळू, अगदी हळू, पण पुढे. दगड आला, त्यावर चढले. खड्डा आला, त्यात पाय टाकून बघितला आणि बाहेर आले. हिसका नाही, उडी नाही. मागे केक डुलतसुद्धा नव्हता.

“चालते की!” सासूबाई ओरडल्या.

“आई, जरा गप्प बसा.”

“मी गप्पच आहे. मी फक्त सांगतेय की चालते.”

नवरदेव गाडीतून उतरून आमच्या बाजूनं चालायला लागला. बुटांवर धूळ, कपाळावर घाम. “काकू, केक आमचाच ना? मग मलाही घ्या ना वर.”

“अजिबात नाही,” सासूबाई म्हणाल्या. “केक हलेल. चाला.”

बिचारा चालला. चालता चालता तो माझ्या पुढे जायचा, मग थांबून माझी वाट बघायचा. त्याच्यामागे करवल्या हातात सँडल घेऊन, त्यांच्यामागे काका-मामा. कसाबसा मातीतून सुटलेला एक जण मागून हॉर्न वाजवायला लागला. सासूबाई कमरेपर्यंत बाहेर वाकल्या आणि गरजल्या, “हॉर्न वाजवू नका! केक आहे!”

“केक आहे, केक आहे,” अशी कुजबुज शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि सगळं वऱ्हाड आवाज न करता माझ्यामागून चालू लागलं. आयुष्यात मी पुष्कळ साहेब वाहिले, पण असा मान मला कधी मिळाला नव्हता.

बागेच्या दारात नवरीची आई घड्याळ बघत उभी होती. तिनं आधी केक बघितला, मग धुळीनं माखलेला जावई. चारही मजले ताठ उभे होते. फक्त साखरेचा पक्षी मागे वळला होता.

“हा तिकडे का बघतोय?”

“रस्ता बघतोय,” सासूबाई म्हणाल्या. “त्यालाही विश्वास बसत नाहीये.”

परत येताना गंमत झाली. दांडी पुन्हा जागेवर कशी न्यायची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळं शहर आम्ही मुंगीच्या चालीनं पार केलं. सायकलवाले पुढे गेले, हातगाडीवाला पुढे गेला आणि एक आजोबा काठी टेकत पुढे गेले, वर मागे वळून हसलेही. डांबरावर माझी चाकं कुरकुरत होती, पण मी आणि त्या दोघी आतून नुसत्या खिदळत होतो. दारात नवरा काळजीनं काळवंडून उभा होता. केक नीट पोचल्याचं कळलं तेव्हा त्यानं पहिल्यांदाच माझ्या बॉनेटवर हात ठेवला. भाजला. तरी लगेच काढला नाही.

पण भंगारवाल्याला नको म्हणून कळवायचं राहिलंच! सोमवारी तो टेम्पो घेऊन हजर. आमच्या गल्लीतही पाइपचा चर खणलेला होता, त्यात त्याचं मागचं चाक गेलं. तो खाली उतरला, चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानं स्वतः दोर आणला आणि घड्याळाच्या दुकानात बसल्यासारखं, जीभ दातांत धरून, अचूक गाठ मारली. दांडी अजून ओढलेलीच होती. मी दोन पावलं चालले आणि मला न्यायला आलेला टेम्पो मी बाहेर काढला.

भंगारवाला माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. “ही भंगारात देताय? भंगारात नाही, मला चालवायला द्या. आत्ता घेतो विकत.”

मालकिणीनं तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. “विकायची? मग मी पर्स कुठे अडकवू?”

त्यानंतर उस्तादांनी दांडीला वंगण घातलं आणि कधी ओढायची, कधी सोडायची ते नीट शिकवलं. शिकवलं मालकिणीला, पण ताबा घेतला सासूबाईंनी. मोठा केक असला आणि पुढे खराब चढ आला की गाडी थांबते, त्या पर्स मांडीवर घेतात, कमरेवर हात ठेवून बसल्या बसल्या चढाकडे बघतात आणि विचारतात, “ओढू?” मग दांडी ओढून मला म्हणतात, “चल गं म्हातारे.” त्यांना हे कुणी शिकवलं नाही. मी तर शिकवूच शकत नाही. तरी म्हणतात.

आता मी खरंच म्हातारी आहे. छत गळतं, एक दिवा तिरळा बघतो आणि केक या शब्दापुढे अजूनही काही लिहिलेलं नाही. पण रोज सकाळी मैद्याच्या वासात मी धडधडत उठते आणि सगळी गल्ली माझ्याबरोबर उठते, तिची इच्छा असो वा नसो.

चला, स्टूल आलं, म्हणजे निघायची वेळ झाली. जाता जाता एकच मागणं आहे. कधी एखाद्या चढावर तुमच्यापुढे एखादी तीन रंगांची हिरवी जीप मुंगीच्या चालीनं जाताना दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. मागे केक आहे. आणि केक नसला, तरी पुढे सासूबाई आहेत.