पहिली फोड

"जपान संपला, वहिनी. लिहून ठेवा," सागर म्हणाला आणि मिसळीत आणखी एक पाव बुडवला.

विनिताने त्याच्यापुढे कांदा सरकवला. वाइटांगी डेची, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय दिनाची, सुट्टी होती. टाकानिनीच्या त्या नव्या वसाहतीत सगळ्या घरांच्या मागच्या अंगणांतून बार्बेक्यूचा धूर येत होता.

"संपला कसा?" विनिताचा नवरा हरीश म्हणाला. "अरे, त्यांच्या सरकारने वर्षानुवर्षं व्याज शून्याजवळ धरून ठेवलं. येन मुद्दाम पडू दिला. एक्सपोर्टसाठी. पॉलिसी असते ती."

"मुद्दाम पडो नाहीतर पाय घसरून पडो, मला दिवाळी." सागर जपानहून जुन्या गाड्या आणून विकायचा. दोन सिग्नल सोडून त्याचं यार्ड होतं. "येन पडला की लिलावात गाडी स्वस्त. पण आता या चिनी गाड्या आल्यात ना, नव्याकोऱ्या, वर वॉरंटी. लोक म्हणतात, जुनी जपानी कशाला घेऊ?"

"म्हणजे तू संपतोयस. जपान नाही."

"ते एकच झालं," सागर म्हणाला. "बरं वहिनी, तुमचा भोपळा तिकडे खातं तरी कोण? म्हातारे. दात नसले तरी चालतं."

"दॅट्स सो मीन, सागरकाका," सोफ्यावरून त्यांची मुलगी सिद्धी म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

विनिताही हसली. ज्या येनमुळे सागरच्या गाड्या स्वस्त होत होत्या, त्याच येनमुळे तिच्या पॅकहाऊसमधून जपानला जाणारा भोपळा तोक्योत महाग होत होता. पण हे जेवताना बोलण्यासारखं नव्हतं. नोव्हेंबरात हरीशचं आयटीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तेव्हापासून तो रोज दुपारी जपानच्या बँकेबद्दलचे व्हिडिओ पाहत असे. आधी नोकरीच्या जाहिराती पाहायचा. त्या पाहून झाल्या की जपान. घरात सध्या एकच पगार होता आणि तोही हंगामी.

पाहुणे गेल्यावर हरीशने भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता विचारलं, "उद्या येतोय ना तुझा जपानी?"

"हो."

"किशोर काय म्हणाला? पर्मनंटचं?"

"तीन वर्षांची ऑर्डर पक्की झाली तर बारा महिने काम. नाही झाली तर मेपर्यंत."

हरीशने मान हलवली आणि डिशवॉशर बंद केलं.

पुकेकोहेचं पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरायची शेड, टेकडीच्या उतारावर होतं. आजूबाजूला लाल माती, कांद्याची आणि बटाट्याची शेतं. किशोरच्या आजोबांनी गुजरातेतून येऊन तिथे कांदा लावला होता. आताचा मालक किशोर तिसऱ्या पिढीतला. गुजराती त्याला समजायचं, बोलायचा तो इंग्रजी. फक्त विनिताला 'बेन' म्हणायचा, कारण त्याची आई तिला तसं म्हणायची.

विनिता पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकली होती. इथे तिचं काम मालाची प्रत तपासण्याचं. काबोचा, म्हणजे हिरव्या सालीचा जपानी भोपळा, कापायचा, गराचा तुकडा किसून वजन करायचं, रात्रभर भट्टीत वाळवायचा, पुन्हा वजन करायचं. पाणी गेल्यावर मागे काय उरतं, त्यावर भोपळा ठरतो. पुरेसं उरलं तर तो शिजल्यावर पिठूळ आणि गोड लागतो. नाही उरलं तर पांचट.

सकाळी तिने सुट्टीआधी भट्टीत ठेवलेल्या वाट्या काढल्या. पुन्हा वजन केलं. दुसऱ्या काट्यावरही केलं. मग ऑफिसात जाऊन किशोरला सांगितलं.

"कमी आलंय. सगळ्याच नमुन्यांत."

"किती कमी?"

"इतकं की मी पाठवणार नाही."

किशोर खुर्चीत मागे रेलला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती; हंगामात असायचीच. "बेन, देठ बघितलेत ना? बुचासारखे वाळलेत. फुलापासूनचे दिवस भरलेत. माझे आजोबा देठ बघून तोडायचे."

"दिवस भरलेत, पण त्यांतले निम्मे ढगाळ होते. सगळा जानेवारी ऊन कुठे होतं? वेलीने भरायचं कशाने?"

"जहाजात पिकतील की. दोन-तीन आठवडे लागतात पोचायला."

"जहाजात पिष्टाची साखर होते, किशोर. पिष्टच नसेल तर होणार कशाची? तोडल्यावर नवं काही भरत नाही. जो माल तोडला तो असाच राहणार. वेलीवर आहे त्याला दहा दिवस दे."

"दहा दिवसांत मेक्सिकोवाले बाजार भरून टाकतील. पहिल्या मालालाच भाव असतो, तुला माहितीये. कंटेनर आज दुपारी येतोय." तो पुढे वाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मी काही लपवायला सांगत नाही. मोरितासानने विचारलं तर आकडा दाखव. पण आपला करार काय आहे? पहिली फोड त्यांनी खायची. ते हो म्हणाले की हो, नाही म्हणाले की नाही. आकडा असो नसो. ते नाही म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. स्वीट ॲज? चालेल ना?"

हे खरं होतं. करार तसाच होता, किशोरच्या वडिलांच्या वेळेपासून.

मोरितासान दहाच्या सुमाराला आले. तोक्योतल्या एका मध्यम कंपनीसाठी भोपळा खरेदी करायला ते दर फेब्रुवारीत पुकेकोहेला यायचे. साठी उलटलेली, शर्टाच्या बाह्या व्यवस्थित दुमडलेल्या. या वर्षी कॉलर सैल झाली होती. 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून ते सगळ्यांपुढे वाकले, अगदी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सिओनीपुढेही. सिओनी टोंगाचा, त्यांच्या दुप्पट आकाराचा. तोही दरवर्षीसारखा वाकला.

रीत ठरलेली होती. मोरितासान स्वतः शेडमध्ये जाऊन एक भोपळा निवडायचे. विनिता तो कापून वाफवायची. मीठ नाही, तेल नाही. चहाच्या खोलीतल्या लांब टेबलाशी सगळे बसायचे; मालक, पॅकिंगच्या बायका, ड्रायव्हर. पहिली फोड मोरितासान खायचे. चांगला असेल तर म्हणायचे, "होकु-होकु." म्हणजे पिठूळ, तोंडात विरघळणारा. हा एक जपानी शब्द पॅकहाऊसमध्ये सगळ्यांना यायचा. एका वर्षी ते काहीच बोलले नव्हते, तेव्हा किशोरच्या वडिलांनी आलेला ट्रक परत पाठवला होता.

मोरितासाननी फोड तोंडात घातली. डोळे मिटले. बराच वेळ चावली. मग पाण्याचा घोट घेतला, पुन्हा चावली, पुन्हा घोट घेतला.

"होकु-होकु," ते म्हणाले.

किशोरने श्वास सोडला. सगळ्यांनी फोडी उचलल्या.

विनिताने खाल्ली. दुधी खाल्ल्यासारखं वाटलं. दाताखाली पाणी सुटत होतं. तिने समोर पाहिलं. सिओनी चावता चावता थांबला होता आणि तिच्याकडेच पाहत होता. पॅकिंगमधल्या एका बाईने अर्धी फोड हळूच बशीत परत ठेवली. कोणी काही बोललं नाही. बोलण्याची रीतच नव्हती. पहिली फोड ज्याची, शब्द त्याचा.

मोरितासाननी दुसरी फोड घेतली. पुन्हा पाणी. मग तिसऱ्यांदा. विनिता त्यांच्या ग्लासकडे पाहत राहिली. जो भोपळा इतरांच्या तोंडात पाणी पाणी होत होता, तो गिळायला या माणसाला पाणी लागत होतं.

तिला तिचे सासरे आठवले. घशाच्या आजारावर किरणांचे उपचार झाल्यावर त्यांची लाळ आटली होती. वरणभातसुद्धा भुसा लागतो म्हणायचे.

"किशोर, मी यांना वरचा शेताचा तुकडा दाखवून आणते," ती म्हणाली.

शेतापर्यंतचा रस्ता चढाचा होता. मोरितासान मध्येच थांबले, वळून खालच्या गावाकडे पाहत राहिले. ते सावकाश, शब्द निवडून इंग्रजी बोलायचे.

"माझी मुलगी आता भोपळ्याचा पाव भाग विकत घेते," ते म्हणाले. "प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पूर्ण भोपळा कोणी घेत नाही. तांदूळ महाग, सगळंच महाग. सरकार म्हणतं, भाव वाढले की पगार वाढतील. भाव वाढले."

"माझे यजमान म्हणतात, येन मुद्दाम पाडलाय."

"असेल. मला विचारून पाडला नाही." ते किंचित हसले. "आमच्या कंपनीत या कामाला पूर्वी चौघे होतो. आता मी एकटा. मॅनेजर तरुण आहे. तो म्हणतो, मशीन लावा, फोटो काढा, जो स्वस्त देईल त्याच्याकडून घ्या. मेक्सिको स्वस्त देतं. मी म्हणतो, माणसाने खाऊन बघितलं पाहिजे. म्हणून मला अजून ठेवलंय."

इतक्या वर्षांत विनिताने या माणसाला कामाबाहेरचं काही विचारलं नव्हतं.

"मोरितासान, तुम्हाला तोंड कोरडं पडण्याचा त्रास होतो का?"

एका वेलीजवळ वाकून त्यांनी पान बाजूला केलं, खालच्या फळावर बोटाने ठोकलं.

"तिकडच्या उन्हाळ्यात उपचार झाले," ते म्हणाले. "इथे." त्यांनी गळ्याला हात लावला. "डॉक्टर म्हणाले, चव परत येईल. थोडी आली. गरम कळतं, गार कळतं." मग त्यांनी मान वर केली. "तुम्ही मगाशी खाल्लीत. कसा होता?"

हा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी सकाळपासून होतं. 'चांगला होता' म्हटलं की दुपारी कंटेनर भरला असता. तोक्योत माल पोचल्यावर काय व्हायचं ते झालं असतं, पण ते नंतर. 'नाही' म्हटलं की हा माणूस नोकरीतून रिकामा होत होता आणि कदाचित तीही. तिच्या डोळ्यांपुढे हरीश आला, दुपारचा पडदा ओढून व्हिडिओ पाहणारा. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

"नाही झालाय अजून," ती म्हणाली. "पाणी आहे. माझा आकडाही तेच सांगतो."

"सगळ्यांना कळलं?"

"हो."

"आणि कोणी बोललं नाही."

"तुमचा मान म्हणून."

त्यांनी वेलीवरच्या त्या फळावर पुन्हा बोट ठेवलं. "हे?" त्यांनी विचारलं.

"दहा दिवस ऊन मिळालं तर हे चांगलं होईल." ती थांबली. मग म्हणाली, "किशोरला मी एवढंच सांगेन की तुम्ही आकडा बघून मत बदललंत. बाकी काही सांगायची गरज नाही."

"धन्यवाद," मोरितासान म्हणाले. त्यावर त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. उतरताना त्यांनी तिच्या हाताचा आधार घेतला, पॅकहाऊस दिसू लागल्यावर सोडला.

कंटेनर ठरल्यापेक्षा लवकर आला होता. ट्रक धक्क्याला पाठ लावून उभा होता. सिओनीने पहिल्या लाकडी पेटीखाली फोर्क घातले होते. मोरितासान सरळ तिकडे गेले आणि हात वर करून थांबायची खूण केली. सिओनीने इंजिन बंद केलं. किशोर ऑफिसातून बाहेर आला. पॅकिंगच्या बायकाही पट्ट्याजवळून वळल्या.

"किशोरसान," मोरितासान म्हणाले, "मघाशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. मला चव कळत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून. मी सांगायला हवं होतं. हा माल तयार नाही. विनितासान सांगतात ते बरोबर आहे."

विनिताने मान खाली घातली. तिने त्यांना दुसरी वाट काढून दिली होती. त्यांनी ती घेतली नव्हती.

किशोरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे. भरलेल्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. त्याने टोपी काढली, केसांतून हात फिरवला.

"तुमच्या कंपनीला काय सांगणार?" त्याने विचारलं.

"हेच."

"मग ते दुसऱ्याला पाठवतील."

"हो. किंवा कोणालाच नाही."

किशोरने टोपी पुन्हा घातली. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळला. "ठीक आहे," तो म्हणाला. "दहा दिवस थांबू. हा माल लोकल मार्केटला जाईल, उरलेला गुरांना." मग विनिताजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "बेन, तुझ्या त्या बारा महिन्यांचं... आता मला काही सांगता येणार नाही. तू समजून घे."

"समजलं," ती म्हणाली.

तो खरोखरच ओशाळला होता. ते पाहून तिला त्याचा रागही करता येईना.

कंटेनरची दारं पुन्हा बंद झाली. ड्रायव्हर एक तरुण मुलगा होता, पायात जँडल्स, रबरी चपला. त्याला काय झालं ते कोणी नीट सांगितलं नव्हतं. "नो वरीज," म्हणत तो वर चढला आणि त्याने ट्रक सुरू केला. मोरितासान फाटकाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ट्रक समोरून निघाला तेव्हा ते त्याच्यापुढे कमरेत वाकले, फुकट फेरी पडलेल्या माणसापुढे वाकावं तसे. मुलगा गोंधळला. मग त्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.

रिकामा कंटेनर उतारावर खडखडत गेला. विनिता मोरितासानच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ट्रक वळणाआड गेला, आवाजही थांबला, तरी ते वाकलेलेच होते. ती त्यांच्या सरळ होण्याची वाट पाहत थांबली.