आधी जेवा

दुपारी जेवायची वेळ झाली की त्या घराच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरत नसे. सगळ्यांचे डोळे कपाटावरच्या मोडेमवर. त्याचा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला. घरचं वायफाय गुडूप झालं आणि जो तो आपला मोबाइल बघू लागला. वायफायच्या जागी नवंच नाव उमटलं होतं : 'आधी जेवा'.

"आले हो, अप्पा आले!" शेजारच्या काकू किंचाळल्या.

"शांतता!" लहरीमहाराज गरजले. "फाइव्ह-जी म्हणजे पाच जीव. चार सुटले, पाचवा या डब्यात अडकलाय. भुकेला आहे. माझ्या तोंडून जेवेल."

आणि आत्मा जेवला. तीनदा वाढून घेतलं. गोडाला तर नाही म्हणालाच नाही. जिवंतपणी अप्पांना मधुमेह होता, पण ते कोण लक्षात ठेवतंय!

लेक दारातून बघत होती. अप्पांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तिला डब्याची भीती नव्हती, भीती होती ती आईची. आईच्या घड्याळाचा पट्टा मनगटावर गरागरा फिरायला लागला होता.

"आई, दोन घास खा ना."

"हे रोज येतात, म्हणजे तिकडे उपाशीच. माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

"पण तिथे अप्पाच आहेत कशावरून?"

"अगं, जेवायच्या वेळी 'आधी जेवा' म्हणून ओरडत मोडेमचा प्लग कोण उपटायचं? मी ह्यांना ओळखणार नाही?"

लेकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटच्या दुखण्यात अप्पांना प्लगपर्यंत जाववत नव्हतं. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीही ते पलंगावर लॅपटॉप घेऊन मोडेमशी खुडबुड करत होते. कंपनीने दिलेली वस्तू दिली तशी वापरणं हा त्यांना अपमान वाटे. त्याचं मूळ सॉफ्टवेअर काढून त्यांनी कधीच दुसरं भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी महाराज ताटावर बसायच्या आत ती अप्पांचा लॅपटॉप उघडून बसली. पासवर्ड शोधावा लागला नाही. अप्पांचा सगळीकडे एकच : आईचं माहेरचं नाव.

"महाराज, आज अप्पांना लवकर भूक लागलीय," असं म्हणत तिने एक बटण दाबलं.

दिवा विझला, लागला. "आले हो!" काकू सवयीने किंचाळल्या. मग मोबाइल बघून थबकल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, "'महाराज, आज... तुम्ही उपाशी'?"

"हा आत्म्याचा कोप आहे!"

"आत्म्याचा नाही, माझा." तिने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "हे बघा. जेवायच्या वेळी नेहमीचं नाव बंद, 'आधी जेवा' चालू. तासाभराने उलट. अप्पांनीच लावून ठेवलंय. डब्यात जीव नाही, वेळापत्रक आहे. कुणी चमत्कार म्हणालं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे चालतं कसं?"

हसण्याच्या गदारोळात महाराज कधी सटकले, कळलंच नाही.

"म्हणजे हे... नाहीतच तिथे?" आईने विचारलं.

लेक तिच्याजवळ जाऊन बसली. "नाहीत, आई. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही. आपल्याला लागते, म्हणून तर ते हे करून गेले."

आईने मोडेमकडे एकदा पाहिलं. मग तिने महाराजांसाठी वाढलेलं ताट स्वतःपुढे ओढलं, एक घास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मिठाचा पत्ता नाही! मेला रोज तीनदा वाढून घ्यायचा, पण एका शब्दाने बोलला नाही."