न काढलेलं नाव

सोमवारी सकाळी साडेदहाला, महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात, संहिताचा हात माउसवर नसताना स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला.

स्क्रीन तिच्या लॅपटॉपची असली तरी तिच्यात दिसत होता दूर कुठल्यातरी इमारतीतला विंडोज सर्व्हर. सहा डायलिसिस केंद्रांतल्या पेशंटांच्या पाळ्या त्यावर लागायच्या, आणि संहिता तो इथून सांभाळायची. आता कुणीतरी आत शिरून जुन्या फायली निवडत होतं. शंभर, दोनशे, चारशे. मग चौकट उघडली: कायमचं पुसायचं?

संहितानं कोपऱ्यातली यादी उघडली. आत दोघं होते. एक ती. दुसरं नाव तिनं दोनदा वाचलं. गुरुदत्त.

कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या गुरुदत्त अण्णांना कंपनीनं शुक्रवारी काढलं होतं. अकरा वर्षांची नोकरी आणि निरोपाला दहा मिनिटं. लॅपटॉप दारातच काढून घेतला. माणूस घ्यायला यांना चार मुलाखती लागतात, काढायला एक ईमेल पुरतो. अण्णांचं खातं काढण्याचं काम आलं संहिताकडे. ती पुण्याहून नवी आली तेव्हा सर्व्हरवर शिरायचं कसं, हे तिला अण्णांनीच शिकवलं होतं. तिचा हात धजेना. सोमवारी बघू म्हणत तिनं खात्यांची यादी मिटली, आणि कामाच्या नोंदीत मात्र 'झालं' असं लिहून टाकलं.

दुखावलेला माणूस काय करेल, सांगता येतं का? 'बाहेर काढा'चं बटण तिच्या हाताशी होतं. पण खातं उघडं कसं राहिलं, हे मग तिलाच सांगावं लागणार होतं, आणि तिचीही नोकरी जायला तेवढं पुरे होतं.

तिनं त्याच सर्व्हरवर नोटपॅड उघडलं. "अण्णा, काय करताय हे?"

बाण थांबला. हळूहळू अक्षरं उमटू लागली.

"डिस्क भरलीय. दर सोमवारी मीच रिकामी करतो. नाही केली तर अकराची यादी लागत नाही, पेशंट खोळंबतात. शुक्रवारी सांगायला कुणी वेळच दिला नाही, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरून आलोय. कॉपी ठेवतो त्या लिनक्स सर्व्हरवर तू बघ, सगळ्या पोचल्यात का. तिथे शिरायची किल्ली माझ्या लॅपटॉपात गेली."

खरं की थाप? तिनं दुसऱ्या खिडकीत लिनक्स सर्व्हर उघडला आणि काळ्या पडद्यावर फायली मोजायला लावल्या. विंडोजवर चारशे बारा निवडल्या होत्या, इथे निघाल्या चारशे नऊ.

"तीन कमी आहेत," तिनं लिहिलं.

"स्वल्प थांब. काही पुसू नको."

बाण फायलींतून भराभर फिरला, नेमक्या तीन शोधून त्यानं त्या विंडोजवरच्याच कॉपी पाठवणाऱ्या प्रोग्रामनं लिनक्सकडे रवाना केल्या. सूड उगवायला आलेला माणूस असा जीव तोडून फायली वाचवत नाही. संहितानं पुन्हा मोजलं. चारशे बारा.

"सरी, जुळलं. आता पूस."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरचा साहेब, रविकिरण. "संहिता, उस सर्व्हर पे दो लोग क्यों दिख रहे हैं? मैं नीचे आ रहा हूँ."

तिनं फायली पुसल्या आणि घाईघाईनं लिहिलं, "रविकिरण येतोय. अण्णा, फोन का नाही केलात?"

"शनिवारपासून चार वेळा केला. तू उचलला नाहीस."

चारही वेळा तिनं नाव बघितलं होतं, आणि फोन पालथा घातला होता. काय बोलणार होती ती?

दहा छप्पनला अकराची यादी लागली. साठ पेशंट, साठ मशिनं.

मग बाण खात्यांच्या यादीकडे गेला आणि स्वतःच्या नावावर थांबला.

"आता हे काढ. स्वतःचं मला काढता येत नाही. शुक्रवारीच काढायचं होतंस गं. माझ्याऐवजी भलतंच कुणी शिरलं असतं तर?"

संहितानं डोळे पुसले आणि बटण दाबलं. बाण तिथेच राहिला, पण आता तो तिच्या एकटीच्या हातात होता.

रविकिरण खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "कौन था?"

यादीत तिचं एकटीचंच नाव होतं. 'कुणी नव्हतं' असं सांगून मोकळं होता आलं असतं.

"गुरुदत्त अण्णा थे," ती म्हणाली. "उनका अकाउंट मैंने डिलीट ही नहीं किया था. झूठ लिखा था."

नोटपॅड उघडंच होतं. रविकिरण वाकून ते पहिल्या ओळीपासून वाचू लागला. संहितानं फोन सरळ केला आणि चारदा न उचललेला नंबर स्वतःहून लावला.