अकराव्या टाक्यापुढे

फोन आला तेव्हा शिंपी एका कोटाची बाही बेतत होता. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. पलीकडचा माणूस परक्या भाषेत बोलत होता. त्यातलं बायकोचं नाव तेवढं शिंप्याला कळलं, म्हणून त्याने फोन लेकीच्या हातात दिला. लेकीला ती भाषा थोडीफार येत होती. ती ऐकत राहिली, हो म्हणाली, पुन्हा हो म्हणाली, आणि मग खाली बसली. आई वर्गातच, कामाच्या बाकावर कोसळली होती. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ही बाई शेहेचाळिसाव्या वर्षी परदेशी जाऊन बूट करायला शिकत होती. कारण एकच होतं. लेकीचा डावा पाय जन्मापासून वळलेला, उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड. बाजारातला कुठलाच जोड तिला होत नसे, आणि जे करून देतो म्हणत ते बूट नव्हे, डबा करून देत. हिला म्हातारपणी शिंगं फुटली, असं नातेवाईक म्हणाले. शिंपी स्वतःच म्हणाला होता, "जगातले बूट करणारे संपले का?"

"संपले नाहीत. आपल्या लेकीपाशी येईपर्यंत थकतात," असं म्हणून ती गेली होती.

लेकीला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. शिंपी एकटाच गेला. अंत्यसंस्कार तिथेच उरकावे लागले. कागदपत्रं हातात पडायला आणखी बारा दिवस लागतील असं त्याला सांगण्यात आलं. बसून काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बायकोचा बाक रिकामा करायला शाळेत गेला.

शाळेतलं सगळं त्याला फोनवरून ठाऊक होतं. शिकवणारी बाई भलतीच कडक, म्हणून बायको तिला सासूबाई म्हणे. बाकावरची जोडीदारीण कुठल्या तिसऱ्याच देशातून आलेली. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. भाषांतरासाठी फोन वापरावा तर तो कामाच्या खोलीबाहेर पेटीत ठेवावा लागे. एकाच सासूच्या हाताखाली दोघी, म्हणून बायकोने तिचं नाव जाऊबाई ठेवलं. तीही हिला जाऊबाईच म्हणू लागली. बायको सांगायची, "आमचं छान जमतं. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही. मग भांडणार कशावरून?"

जाऊबाई म्हणजे पन्नाशीची, ठेंगणी, रुंद पंजांची बाई निघाली. शिंप्याला पाहून ती उठून उभी राहिली. शिंप्याने हात जोडले आणि पिशवीत एकेक वस्तू भरायला घेतली. चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, मेणाचा गोळा. लेकीच्या पायांच्या मापाची दोन कलबुतं, म्हणजे लाकडी साचे, बायकोने स्वतः कोरलेले. शेवटी त्याने एक अर्धवट झालेला तपकिरी डावा बूट भरला.

जाऊबाईने तो पिशवीतून काढून बाकावर ठेवला. शिंप्याने पुन्हा भरला. तिने पुन्हा काढला आणि या खेपेला दोन्ही हातांनी छातीशी धरून काहीबाही बोलत सुटली. शिंप्याचं डोकं फिरलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं सगळ्या देशांत असतात, असं त्याच्या मनात आलं.

"माझ्या बायकोचं आहे ते," तो मराठीत ओरडला. सासूबाई आल्या आणि भांडणाऱ्या पोरांना न्यावं तसं दोघांना कचेरीत घेऊन गेल्या.

कचेरीतल्या कारकुनाने फोनवर भाषांतर करून करून समजावलं. परीक्षा जोडीने द्यायची असते. शाळेने दिलेल्या मापाचा एकीने उजवा करायचा, दुसरीने डावा, आणि जोड एकाच हातचा दिसला पाहिजे. जाऊबाईचा उजवा तयार होता. डावा असा अर्धवट. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. डाव्याशिवाय उजवा कुणी हातातही घेणार नव्हतं, डावा तिने स्वतः पुरा केलेला चालणार नव्हता, आणि बाकी सगळ्या जोड्या आपापल्या कामात होत्या. पुढच्या वर्षी बसावं तर जाऊबाईचा राहायचा परवाना या महिन्यातच संपत होता. तिचं वर्ष पाण्यात जाणार होतं.

शिंप्याने पिशवी खाली ठेवली. मग त्याने विचारलं, इथे नाव घालायला काय लागतं?

फोनने भाषांतर चुकवलं असं वाटून कारकुनाने पुन्हा विचारलं. शिंप्याने तेच सांगितलं. वय? बावन्न. अनुभव? कापडाचा. सासूबाईंनी त्याचे हात ओढून घेतले आणि पाहुण्यांनी मुलगी पारखावी तसे उलटेपालटे करून पाहिले. मग त्यांनी कागदावर सही केली.

कापड आणि चामडं यांत फरक काय, ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं. कापडात टाका चुकला तर उसवावा, इस्त्री फिरवावी, कुणाच्या बापाला कळत नाही. चामड्यात एकदा भोक पडलं की ते राहतं. इथे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. शिंप्याचा डावा हात तीस वर्षं नुसता कापड धरायला होता. तो कामाला काही लागेना.

सात दिवस जाऊबाईने त्याला बुटाला हात लावू दिला नाही. चामड्याच्या तुकड्यावर तो शिवी, ती बघे आणि तुकडा टोपलीत टाके. तो सैल ओढू लागला की ती त्याच्या मनगटावर बोट आपटे आणि आपल्या भाषेत बोलणी सुनावी. तोही मराठीत ऐकवी, की बाई, तुला साधं काज करता येतं का? दोघांचा आवाज चढला की सासूबाई लांबूनच दोघांना दटावत. एकदा त्याचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पत्र्याची टोपी, पाहून ती खोखो हसली. दुसऱ्या दिवशी स्वतःचं बोट रक्ताळलं तेव्हा तिने मुकाट्याने हात पुढे केला. शिंप्यानेही मुकाट्याने ते तिच्या बोटात घातलं आणि संध्याकाळी परत मागून घेतलं.

आठव्या दिवशी तिने तो डावा बूट त्याच्यापुढे ठेवला. तळाला अकरा टाके घातलेले होते, बायकोने त्या मंगळवारी घातलेले. शिंप्याने त्यांवरून अंगठा फिरवला. काजं करतानाही ती दोरा असाच करकचून ओढायची. कापडाचा गळा आवळतेस, असं तो तिला रोज म्हणायचा. आता त्याला तस्साच आवळायचा होता.

"जाऊबाई," असं म्हणून तिने बाराव्या टाक्याच्या जागेवर बोट ठेवलं.

मिशीवाल्या शिंप्याला आजवर कुणी जाऊबाई म्हटलं नव्हतं. या बाकावर बसेल ती जाऊबाई, असा तिचा समज असावा. त्याने तो दुरुस्त केला नाही. त्याने आरी उचलली.

दोन दिवस तो उठला तो जेवणापुरता. एकदा आरी घसरली आणि नको तिथे टोचलं. जाऊबाईने कपाळाला हात लावला, मग त्या टोचणीत मेण दाबलं आणि 'पुढे' अशी मान हलवली. पुढचे टाके पडत गेले. शेवटी तिच्या नजरेखाली त्याने टाच बसवली.

परीक्षा घ्यायला तीन जण होते, त्यांत सासूबाई. त्यांनी दोन्ही बूट शेजारी ठेवले, मग डावा उचलून तळाच्या कडेने बोट फिरवलं. अकराव्या टाक्यापाशी बोट थांबलं. त्यांनी शिंप्याकडे पाहिलं. बोट पुढे निघालं.

जोड पास झाला. अगदी काठावर, पण पास.

निकाल ऐकून जाऊबाई बाकावर बसली आणि रडली. मग तिने शिंप्याच्या बोटातलं अंगुस्तान काढून घेतलं आणि आपल्या खिशात टाकलं. या वेळी शिंप्याने ते परत मागितलं नाही.

घरी येऊन आता दोन महिने झाले. बेतायच्या टेबलावर कापडाच्या जागी चामडं आहे, आणि गिऱ्हाइकं कोटासाठी खोळंबली आहेत. लेकीने एकदाच विचारलं, बाबा, तुम्हाला जमेल का? त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "पाय पुढे कर." उजव्या बुटाचं चामडं बेतून झालं आहे. डावा अजून बाकी आहे.