सगळे बाहेर व्हा

परांचीवरून पडलो तेव्हा माझ्या हातात रंगाचा ब्रश होता. ब्रश धुऊन कुणीतरी पुन्हा कामाला लावला. मी मात्र कमरेखाली बाद झालो. पाय गेल्याचं दुःख आहेच, पण जीव खरा जळायचा तो लघवीपायी. माझी थोरली बहीण, ताई, रोज वेळेवर नळी घालून माझं मूत्राशय रिकामं करायची. जिच्याशी उभा जन्म भांडलो, तिच्यासमोर चड्डी सोडून पडायचं! तिने कधी हूं की चूं केलं नाही, म्हणून तर जास्तच लाज वाटायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी पायाकडे जाणारी एक नस मणक्यापाशी मूत्राशयाच्या नसेला जोडली. नस हळूहळू वाढत खाली पोचली, की मांडी खाजवायची आणि लघवी होईल, असं ते म्हणाले. मित्र पोट धरून हसले. मी हट्टाने मांडी सोलून काढली.

आज शेवटची तपासणी होती. आज झालं नाही, तर पोटातून कायमची नळी आणि पिशवी.

खोलीत डॉक्टर, नर्स, शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आणि ताई. मूत्राशयात पाणी भरून नळी काढली.

"खाजवा," डॉक्टर म्हणाले.

खाजवलं. काही नाही.

"अरे, जोर लाव की!" ताई म्हणाली.

"प्रतिसाद नाही. लिहून घ्या," डॉक्टर नर्सला म्हणाले.

तेवढ्यात ओटीपोटात काहीतरी घट्ट आवळलं गेलं. अपघातानंतर तिथे पहिल्यांदाच काही जाणवत होतं. इतक्या नजरांपुढे माझं शरीर चक्क लाजून आखडलं होतं.

"लिहू नका," मी म्हणालो. "सगळे बाहेर व्हा."

"अहो, नसेला काय कळतंय कोण बघतंय ते?"

"मग या, माझ्या शेजारी उभं राहून तुम्हीच करून दाखवा."

एक शिकाऊ फिसकन हसली. डॉक्टर लालेलाल होऊन निघाले, त्यांच्यामागे सगळे. ताई जागची हलेना.

"मी कशाला? मी तर रोजच बघते."

"म्हणूनच. तूसुद्धा."

दार लागलं. मांडीवर नखं ओढली. काही नाही. एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा ओढली. खाली लावलेल्या भांड्यात टपटप वाजलं, मग धार लागली. वेडीवाकडी, अडखळत, पण माझी. मी ढसाढसा रडलो.

"झालं का रे?" ताईने दार वाजवलं. "येऊ का आत?"

"खबरदार!" मी ओरडलो. "मी मुततोय!"