उघड्या चाकांचा रशियन टँक

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. कागद टाइपरायटरला लावला, काढला, परत लावला. मोहियोद्दीननं ही गोष्ट सांगितली तेव्हा तोच पुरता गोंधळलेला होता, आणि ऐकून मीही गोंधळलो. शेवटी म्हणलं, गोंधळासकट लिहू.

एकेचाळीस साल. भिंगारला छावणीच्या रस्त्यावर मोहियोद्दीनचं चाकांचं दुकान. बैलगाडीची चाकं, टांग्याची चाकं, मधूनच एखादा पाळणा. बाप वारलेला, घरात तो आणि आई रोशनबी. रबरी टायरच्या गाड्या यायला लागल्या तसं काम पातळ झालं. पण लढाई पेटली आणि त्याला छावणीच्या गेटचा पास मिळाला. आत बाकडी, पेट्या, खुंट्या करून द्यायच्या. त्या पासावर घर चाललं होतं.

एक दिवस दफेदार रंगनाथ दुकानात आला. राहुरीकडचा माणूस, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. काखेत फोटोंचं भेंडोळं.

"मिस्त्री, टँक करता का?"

"कुनाचे?"

"समद्यांचे. लाकडाचे, वीतभर. पोरांना लांबनं बघून सांगता आलं पायजे, कंची गाडी, कुनाची गाडी. न्हाईतर आपल्याच मानसावर तोफ डागतील."

मोहियोद्दीनला काम आवडलं. इंग्रजांच्या गाड्या झाल्या, जर्मनांच्या झाल्या, इटलीच्या झाल्या. वर्गात दोन फळ्या ठोकल्या होत्या. डाव्या फळीवर दुश्मन, उजव्या फळीवर आपले. तिथवर सगळं सरळ होतं.

मग उन्हाळ्यात रशियाचे फोटो आले.

"ह्या कंच्या फळीवर?" मोहियोद्दीननं विचारलं.

दफेदारानं मान खाजवली. "डावीकडं ठेवा. पर दुश्मन म्हनायचं न्हाई. साहेब म्हनतो, अजून ठरलं न्हाई."

जूनमध्ये जर्मनी रशियावर चालून गेली. बातमी आली तसा दफेदार धावतच आला. "उचला, उचला. उजवीकडं!"

पावसाळा सरता सरता दफेदार परत आला. जर्मनांनी म्हणे रशियाच्या पुष्कळ गाड्या धरल्या, वर आपली खूण रंगवली आणि त्याच वापरायला काढल्या. "एकेक डावीकडं बी करा."

"तोच टँक?"

"तोच."

"मंग दोस्त कंचा, दुश्मन कंचा?"

"आत कोन बसलाय त्यावर," दफेदार म्हणला, आणि स्वतःच विचारात पडला.

पण खरी भानगड ह्या फळ्यांची नव्हती. साखळीची होती.

रशियाचा एक टँक लई पळणारा. त्याचे दोन फोटो होते. एकात दोन्ही अंगांच्या मोठ्या चाकांवरनं लोखंडी साखळी फिरवलेली, टँकला असते तशी. दुसऱ्यात तोच टँक, वरचं डोकं तेच, तोफ तीच, पण चाकं उघडी. साखळीच नाही.

आता चाकवाल्यांची एक रीत असते. लाकडी चाक तयार झालं तरी ते चाक नव्हे. लोखंडाची धाव, म्हणजे बाहेरचं कडं, लाल होईस्तोवर तापवायची, चाकावर चढवायची, वरनं पाणी मारायचं. धाव आवळली की मग चाक झालं. त्याआधी ते दुकानाबाहेर काढायचं नाही. मोहियोद्दीनचा बाप तर गिऱ्हाईक दारात बोंबलत बसलं तरी उघडं चाक देत नसे. चाक उकललं तर नाव कुणाचं जाणार?

मोहियोद्दीननं तो दुसरा फोटो बघितला आणि त्याला कीव आली. कारखान्यात साखळी चढायच्या आधीच कुणीतरी फोटो काढलेला दिसतोय. रशियन कारागिराची लाज आपण का उघडी टाकायची? त्यानं जुन्या कमरपट्ट्याचं चामडं कापलं, बारीक खिळ्यांनी दुसऱ्या टँकलाही साखळी ठोकली. दोन्ही टँक जुळे दिसायला लागले.

रशियाची एक चिलखती गाडीही होती, सहा चाकांची. तिच्या फोटोत मागच्या चाकांवर साखळी होती. ती त्यानं फोटोत होती तशी केली. दफेदारानं सगळे नमुने मोजून नेले. कुणाला काही खटकलं नाही.

बन्सी आला तो ह्यातच.

बन्सी काष्टीचा, शेतकऱ्याघरचा. काष्टीच्या बाजाराला मोहियोद्दीनचा बाप चाकं घेऊन जायचा, मुक्काम बन्सीच्या घरी. दोघं पोरं एकाच गाडीखाली झोपून वाढलेली. आता बन्सी फौजेत भरती झालेला, चिलखती गाडी चालवायला शिकत होता. गाडी झकास चालवायचा. पण ओळखीच्या परीक्षेत नापास झाला होता. फोटो बघितला की त्याला सगळं एकसारखं दिसायचं. पुन्हा नापास झाला तर गाडीवरनं काढून कायमचा लंगरखान्यात टाकणार होते.

"गावात सांगून आलोय, पोलादी गाडी चालवनार," तो म्हणला. "आईनं निम्म्या श्रीगोंद्याला सांगितलंय. आता काय तिथं रोट्या थापू?"

म्हणून दर रविवारी तो दुकानात येऊन बसायचा. फळीवर जायच्या आधीचे आणि दुरुस्तीला आलेले नमुने हातात घेऊन, डोळे मिटून, बोटांनी बघायचा. हातात आलं की त्याच्या डोक्यात बसायचं.

"नवरी बी कुनी एवढी निरखत न्हाई, बन्सी," रोशनबी चहा ठेवत म्हणायची.

"नवरी चुकली तर निभावता येतं, काकी. हे चुकलं तर न्हाई."

एक चपटा टँक बघून त्यानं विचारलं, "हे काय, होडी हाय का?"

"तो पान्यात पवतो म्हनं."

"भीमंत पवंल? पावसाळ्यात? घेऊन ये म्हनावं काष्टीला."

हळूहळू बन्सीनं स्वतःचा एक नियम बांधला. साखळी असली की टँक. चाकं उघडी असली की चिलखती गाडी. ती सहाचाकी चिलखती गाडी मात्र दुकानातनं आधीच वर्गात गेलेली, ती त्याच्या बोटांखालनं गेलीच नव्हती. मोहियोद्दीनलाही ती त्या वेळी आठवली नाही, त्याला नियम पटला. दुरुस्तीला आलेल्या त्या जुळ्या टँकांसकट दुकानातल्या नमुन्यांवर तो नियम कुठं चुकतच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मोहियोद्दीन वर्गातच होता, खिडकीची चौकट बसवत. मागं खुर्चीवर कप्तान साहेब. पुढं दफेदार, एकेक फोटो वर धरायचा आणि लगेच खाली घ्यायचा. बन्सी पहिल्यांदा धडाधड सांगत गेला. मोहियोद्दीन रंधा थांबवून ऐकत होता, त्याची छाती फुगली.

मग तो फोटो वर गेला. पळणारा टँक, उघड्या चाकांचा.

"चिलखती गाडी, रशियाची," बन्सी म्हणला.

"चूक."

बन्सी हबकला. पुढचा फोटो. सहा चाकं, मागच्यांवर साखळी.

"टँक."

"चूक. ही चिलखती गाडी."

"साखळी असून गाडी?"

"चिखलात घालत्यात. घालायची, काढायची."

"आन् मघाचा? त्याला साखळी न्हाई तरी टँक?"

"तो रस्त्यानं पळताना साखळी काढून ठेवतो."

वर्ग हसायला लागला. बन्सी हसत नव्हता. "म्हंजे साखळीवाली गाडी आन् बिनसाखळीचा टँक? मंग वळखायचं कशावरनं, दफेदार साहेब?"

दफेदारानं फोटो उलटा करून मागं वाचलं, परत सुलटा केला. "डोस्क्यावरनं," तो म्हणला. कुणाच्या डोक्यावरनं ते मोहियोद्दीनला कळलं नाही.

साहेबानं काहीतरी लिहिलं. सोमवारपासून बन्सी लंगरखान्यात.

वर्ग रिकामा झाला. मोहियोद्दीननं फळीवरनं ते जुळे टँक उचलले आणि दफेदारासमोर ठेवले. "ह्यातला एक उघडा पायजे हुता. साखळी मी ठोकली. मला वाटलं, काम अर्धं राह्यलंय."

दफेदारानं दोन्ही टँक फिरवून फिरवून बघितले. "माझ्या बी ध्यानात आलं न्हाई की. मिस्त्री, ऐका. नमुना चुकीचा हुता हे साहेबाच्या कानावर गेलं तर पोराची परीक्षा परत हुईल. पर तुमचा पास जाईल. साहेब असल्या गोष्टीत ऐकून घेत न्हाई."

"न्हाई सांगितलं तर?"

"तर रोट्या."

बाहेर कडुलिंबाखाली बन्सी बसला होता. मोहियोद्दीननं उघड्या चाकांचं आणि पासाचं सगळं सांगितलं. बन्सी तापणार, शिव्या देणार, असं त्याला वाटलं. बन्सीनं उलट विचारलं.

"मंग तुझं बरोबर का त्यांचं?"

"मला बी कळंना. चाक उघडं द्यायचं न्हाई, हे बरोबरच हाय. पर त्यांचा टँक उघडाच पळतो, हे बी खरं हाय."

"आन् पळून झाल्यावर परत घालतो?"

"घालतो म्हनं."

"काय लोक हायत गड्या!" बन्सीला हसू आलं, मग गेलं. "तू सांगू नगंस साहेबाला. पास गेला तर काकीला काय घालशील? मी थापतो रोट्या. आईला सांगीन, गाडी मोडली."

मोहियोद्दीन त्याच्याशेजारी बसला. लंगरखान्यातनं धूर येत होता. कोणती फळी बरोबर, कोणता टँक खरा, आत कोण बसलाय, ह्यातलं काही त्याला त्या घडीला सांगता आलं नसतं. पण शेजारी कोण बसलाय ते त्याला लांबनंही ओळखता आलं असतं.

"बन्शा," तो म्हणला, "सोमवारी परेड सुरू व्हायच्या आत मी साहेबाच्या दारात उभा ऱ्हातो. साखळी मी ठोकली म्हनून सांगतो. पास घेतला तर घेतला, चाकं करनं कुनी हिसकावून घेत न्हाई. तवर तू पिठाला हात लावायचा न्हाई. वचन हाय माझं."