मापाची दोरी

माझ्या खुर्च्या मुंबईच्या दुकानात काचेमागं मांडतात, हे मी औंधात कुणाला सांगत नाही. सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. इथं मी अजून नाथाजी सुताराचा नातू अर्जुना. आजोबांनी जन्मभर बैलगाड्या आणि औतं केली. मी मुंबईच्या कलाशाळेत चार वर्षं काढून आलो आणि खुर्च्या करायला बसलो. आधी कागदावर चित्र काढायचं, मग लाकडाला हात घालायचा, आणि एकीसारखी दुसरी खुर्ची करायची नाही, हा माझा हेका. गाव हसायचं. मी गावाला हिंग लावून विचारत नव्हतो.

आजोबांचं एकच ठेवलं होतं. माप दोरीनं घ्यायचं. दोरीचं टोक टाचेला लावायचं, मग गुडघ्याला गाठ, कमरेला गाठ, खांद्याला गाठ. शेवटच्या दोन गाठींमध्ये कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर. काम झालं की दोरी ज्याची त्याला परत द्यायची आणि गाठी त्यानं आपल्या हातानं सोडायच्या, असा आजोबांचा दंडक होता. "दोरी म्हंजी माणूसच, आर्जुना. लोकाचा माणूस आपल्या भितीला टांगू नगंस."

मी नेमका टांगला. वीस-बावीस दोऱ्या कामाच्या खोलीत खिळ्यांना लावल्या होत्या, खाली नावांच्या चिठ्ठ्या. पुण्याचे पाहुणे खुर्चीच्या आधी त्या भिंतीचा फोटो काढायचे. पहिल्या खिळ्याला माझी स्वतःची दोरी होती.

बहात्तर सालच्या माघात हरणाबाई आली. म्हसवडकडच्या एका वस्तीवरची धनगराची बाई, चाळिशीची, उंच, तोंडानं फटकळ. तिचा नवरा बिराप्पा फौजेत होता. डिसेंबरातल्या लढाईनंतर तो बेपत्ता असल्याची तार आली होती. भावकी रडून मोकळी झाली होती, ही रडली नव्हती. बैलगाडीत तिनं आपल्या बांधावरची वाळलेली बाभळ घालून आणली होती.

"ह्येंच्या मापाची खुर्ची करा, मिस्त्री."

"माणूस कुठाय?"

"यायचं हाईत अजून. म्हणून तर करायची."

पंधरा वर्षं पहाऱ्यावर उभा राहिलेला माणूस. शेवटच्या सुट्टीत म्हणाला होता, पेन्शनीत आलो की घोंगड्यावर बसणार नाही, खुर्चीत बसणार. घरात आपल्या मापाची जागा असली की माणूस तिच्या ओढीनं येतो, असं तिचं म्हणणं. मला हसू आलं होतं, पण तिच्या तोंडाकडं बघून गिळलं.

दोरी तिनंच आणली होती. काळ्या मेंढीच्या लोकरीची, घरी कातलेली, गाठीही मारलेल्या. कोकरू बांधताना मारतात तशा दुहेरी गाठी.

"माप कवा घेतलंत?"

"पंधरा वर्सं पाठीला त्याल लावलंय. माज्या हाताला ठावं हाय समदं." मग तिनं शेवटची गाठ चिमटीत धरली. "हाताची फळी हितपतूर पायजे. पार बोटांच्या टोकापतूर. बसल्या जागी बोटं वाजवायची लय खोड हाय त्येंना. वाजवायला लाकूड नगं व्हय?"

बाभळ रंध्याखाली तांबूस, गुळगुळीत निघाली. एवढी देखणी खुर्ची माझ्या हातून झालेली नव्हती. डाव्या बाजूला काही नाही आणि उजव्या बाजूला एकच रुंद फळी, असं माझं चित्र. पण ती फळी बोटांच्या टोकापर्यंत नेली की सगळा डौल जायचा. मनगटापाशी थांबवली की खुर्ची जमिनीवरून उचलल्यासारखी दिसायची. आठ दिवस मी तिच्याभोवती फिरलो आणि शेवटी ठरवलं, धनगराच्या बाईला खुर्चीतलं काय कळतंय!

अडचण एकच झाली. दोरी लाकडाला लावल्याशिवाय करवत चालवायची नाही, ही सवय आजोबांनी लहानपणी लावलेली. आजोबांना मी मानत नव्हतो, पण माझा हात मानत होता. गाठीच्या अलीकडं करवत टेकवली की तो अडायचा. म्हणून होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दोरीच खाली घेतली, शेवटची गाठ सोडली आणि वीतभर अलीकडं पुन्हा बांधली. मग करवत सुरळीत चालली.

तुकडा खाली पडला. उचलला तर कापलेली बाजू ओली होती. वर्षभर वाळलेल्या बाभळीला ओल कुठली? अंगठा तांबडा झाला. डिंक असेल म्हणून मी तो धोतराला पुसला आणि तुकडा खिडकीत ठेवून दिला. त्या दिवसापासून खिडकीतून अधूनमधून टकटक ऐकू यायची. लाकडात भुंगा असेल, असं मी धरून चाललो.

खुर्ची सांगलीच्या प्रदर्शनात ठेवली. लोकांनी त्या फळीचंच कौतुक केलं. एक प्राध्यापक म्हणाले, "पंजा हवेत मोकळा सोडलाय, वा!" मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

चैत्रात हरणाबाई खुर्ची न्यायला आली. तिनं फळीवरून तळवा फिरवला आणि फळी संपली तिथं थांबली.

"आखूड हाय."

"अशीच बरी दिसते."

तिनं फळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "दोरी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. ते आल्यावर सोडत्याल गाठी."

जेठात ती पुन्हा आली, गुळाचा खडा घेऊन. सरहद्दीपलीकडच्या कैद्यांच्या छावणीतून कार्ड आलं होतं. बिराप्पा जिवंत होता! मीही मनापासून हसलो. तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं.

"पर अक्षार त्येंचं न्हाई, मिस्त्री. आजपतूर एक बी पत्र परक्याकडनं लिवून घेतल्यालं न्हाई त्येंनी."

"कैदेत आहेत, लिहिलं असेल कुणीतरी," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी भिंतीशी गेलो. लोकरीची दोरी मऊ होती, पण माझ्या गाठीच्या पुढचा वीतभर भाग लाकडासारखा कडक झाला होता. गाठ जागेवर न्यावी म्हणून नखांनी ओढली, दातांनी ओढली. मीच बांधलेली गाठ मला सुटली नाही. खिडकीत टकटक चालू होती.

कैदी सुटून आले ते वर्षाच्या शेवटी. पौषात कळलं, बिराप्पा वस्तीवर आलाय. मी ती दोरी खिशात घालून एसटीनं गेलो. वाटेत दोनदा वाटलं, फेकून द्यावी. धीर झाला नाही.

तो अंगणात खुर्चीत बसला होता. उजवा हात फळीवर होता. फळी जिथं संपत होती, तिथंच हात संपत होता. मनगटाच्या पुढं काही नव्हतं.

"या मिस्त्री!" तो मोठ्यानं हसला. "तुमाला कसं वं कळलं? मी यायच्या आदीच फळी बराबर केलीसा!"

मी खिशातली दोरी मुठीत आवळली. तोच सांगत राहिला. गोळी खांद्याला चाटून गेली होती, हात शाबूत होता. छावणीत पोरं उद्या होळी म्हणून गावाकडच्या आठवणी काढत होती, त्या सकाळी पंजा एकाएकी गार पडला. तिसऱ्या दिवशी कापावा लागला. "डाक्टर म्हनला, असलं कवा बगितलं न्हाई." मग तो मनगटाकडं बघत म्हणाला, "बोटं अजून वाजवतोय मी. आवाज तेवडा कुटं जातोय, कळत न्हाई."

आवाज कुठं जातो, ते मला माहीत होतं.

हरणाबाई पाणी घेऊन आली आणि आडोशाला मला म्हणाली, "दोरी आणलीसा?" मी दिली. एकेक गाठ चाचपत तिची बोटं शेवटच्या गाठीशी आली आणि थांबली. पुढं वीतभर अंतरावर जुन्या गाठीचा वळ लोकरीत अजून होता.

"ही गाठ माजी न्हाई," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं, होळीची आदली सकाळ, फळीचा डौल, तुकडा. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यो तुकडा आणा. आन् तुमची सवताची दोरी हाय न्हवं भितीवर? ती बी."

दुसऱ्याच दिवशी दोन्ही घेऊन गेलो. तिनं तुकडा फळीच्या टोकाला धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "वाजवा." बिराप्पानं डोळे मिटले. टक, टक, टक. लाकडावर काहीही नव्हतं, तरी तिघांनाही ऐकू आलं. तो लहान पोरासारखा रडला. मी खाली बसून तुकडा फळीला जोडून दिला. आयुष्यातला तेवढा एक सांधा मी कुणालाही दाखवलेला नाही.

निघताना माझ्या दोरीसाठी हात पुढं केला. हरणाबाईनं ती मुठीत घेतली.

"मी गाठ हालवायची न्हाई, मिस्त्री. बिरोबाची आन. पर ही ऱ्हाईल हितंच."

बाकीच्या दोऱ्या मी महिन्याभरात घरोघर जाऊन परत केल्या. भिंतीवर आता खिळे तेवढे आहेत. हरणाबाईला मी सागवानी पेटी करून दिली. झाकण इतकं घट्ट की मुंगी शिरणार नाही, माझी दोरी आत सुखरूप राहावी म्हणून. पेटी तिला फार आवडली. तिच्यात ती बियाणं ठेवते. दोरी चुलीजवळच्या खुंटीला लोंबते, आणि खाली तिची करडं दिसेल ते चघळत फिरतात.

रोज सकाळी मी आधी उजव्या हाताची बोटं मोजतो, मग करवत उचलतो.